मेणबत्तीभोवतीचं कडं

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मला आधी हायसंच वाटलं. लोकांना चमत्कारिक वाटेल, पण खरं ते हेच. गंगूआक्का माझी थोरली नणंद. भिसेगावात आमच्या तिच्या घरात एकच भिंत. अंथरुणाला खिळायची तिला फार धास्ती. त्या दिवशी ती दुपारी जेवली, सुनेशी भांडली, आडवी झाली आणि झोपेतच गेली... हवं होतं तसंच. मला रडू आलं ते संध्याकाळी, मेणबत्ती लावताना. ते का, हे सांगायचं तर माझा एक जुना गाढवपणा सांगावा लागेल.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला काही वर्षं झाली होती. मी चाळिशी ओलांडलेली, पण अक्कल अजून वाटेतच होती. एका संध्याकाळी वंदनेला मेणबत्ती लावली, तर ज्योतीभोवती गोल कडं! आत निळसर, बाहेर तांबूस, इंद्रधनुष्य वाकवून बसवल्यासारखं. समोरच्या तसबिरीत भगवंतांच्या मस्तकामागं तेजोवलय होतंच. तसंच मला दिसतंय म्हणजे मी काही साधीसुधी बाई नाही, असं मी ठरवून टाकलं. सकाळपर्यंत कडं जायचं, चार-आठ दिवसांनी दिवेलागणीला परत यायचं. सोबत उजवी भुवई ठणकायची, धुरकट दिसायचं. तो मला साधनेचा ताप वाटला. साधना कसली, तर तांदूळ निवडता निवडता डोळे मिटून बसायची! शेजारणी पाया पडायला लागल्या आणि मी पडू दिलं. ह्यांना म्हटलं, "मला जवळच्या कोंडाण्याच्या बुद्धलेण्यात नेऊन बसवा." हे म्हणाले, "आधी भाकऱ्या थाप, मग जा."

आक्का मात्र ना पाया पडली, ना हसली. "शेवंते, देव्हारं सोडलं नि आता अंगात आणतेस का गं?"

"दिसतंय त्याला मी काय करू?"

"एकेक डोळा झाकून बघ."

डावा झाकला, कडं होतं. उजवा झाकला... ज्योत साधी झाली.

"बघ! तेज हाय तर एकाच डोळ्याला कसं गं दिसतं?" असं म्हणून ती आईचं सांगायला लागली. तिच्या आईला, म्हणजे माझ्या सासूला, रॉकेलच्या चिमणीभोवती असंच कडं दिसायचं. घरच्यांनी धुरावर ढकललं, डोळ्यात मध घातला. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू भिंत चाचपत चालायची. म्हातारपणानं डोळे गेले, असंच मी धरून चालले होते.

दुसऱ्याच दिवशी डोळा लालभडक झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या. शेजारणी म्हणाल्या, डोळे आलेत, गुलाबपाणी घाला. आक्का कडाडली, "डोळं आलं की चिपडं येतात, चुरचुरतं. हिचं डोकं फुटतंय, नि डोळ्याला दिसत बी नाय. हे येगळं हाय!" हे म्हणाले, "उद्या नेऊ."

"आईला बी उद्याच नेनार होते," आक्का म्हणाली.

हे तसेच उठले. मिळेल त्या गाडीनं मुंबई गाठली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्यातलं पाणी तुंबून दाब वाढलाय, आणखी उशीर केला असता तर डोळा गेला असता. औषधाचे थेंब घातले, मग ऑपरेशन झालं. आक्काचेही डोळे तपासले, ते ठणठणीत. "आईचा वारसा माझ्याकडं यायचा, तो या सुनेनं पळवला," ती वॉर्डभर सांगत सुटली.

तेव्हापासून रोज माझी मेणबत्ती लागली की भिंतीपलीकडून हाक यायची, "कडं?" मी एकेक डोळा झाकून बघायची आणि ओरडायची, "नाय!" कधी खोडी काढायला "हाय!" म्हटलं, की ती हातातली पळी घेऊनच धावत यायची आणि मग त्याच पळीनं...

ती गेली त्या संध्याकाळी मेणबत्ती लावली, तर ज्योत फुटली, पसरली, तिला रंग आले. मी चरकले. पदरानं डोळे पुसले. डावा झाकला, उजवा झाकला. ज्योत सरळ, साधी. तरी भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "नाय गं आक्का. नाय."