सावळ्या आईचा झगा

दोन वर्षं मी देवीशी बोलत नव्हते. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. कुणाला हा उद्धटपणा वाटला तर वाटो. जे झालं ते झालं तसंच सांगायचं ठरवलं आहे, आणि त्यात माझा राग वगळला तर सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

माझे यजमान इथे परदेशात, तुआसच्या एका यार्डात जहाजांच्या इंजिनांची तपासणी करायचे. एका साध्या मंगळवारी ते डबा घेऊन बिशानच्या आमच्या फ्लॅटमधून निघाले, आणि अकराच्या सुमारास माझ्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात फोन आला. त्यांचं हृदय थांबलं होतं. पुढचे काही आठवडे मला नीट आठवत नाहीत. मुलगी ईरा तेव्हा युनिव्हर्सिटीत होती. घर तिनेच सांभाळलं.

चार महिन्यांनी नवरात्र आलं. आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांची देवी दर वर्षी सुनंदाताईंच्या कॉन्डोतल्या घरी बसते. सुनंदाताई आमच्यात वयाने मोठ्या, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या. हे गेले तेव्हा तीन दिवस त्याच माझ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. देवीच्या पितळी मुखवट्याला नऊवारी नेसवण्याचं काम मात्र माझं. अकरा वर्षं माझंच. निऱ्या कशा बसवायच्या, पदर किती सोडायचा, शेला कुठे अडकवायचा, हे माझ्या बोटांना पाठ होतं. साडी नेसवून झाली की ती माझ्याकडे पाहून हसते असं मला वाटायचं, आणि ते मी कुणाला सांगत नसे.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सुनंदाताईंचा फोन आला.

"अगं, तू ये हं नक्की. आरतीला ये. फक्त यंदा साडी नेसवायला मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते. आणि ओटीचंही… तुला कळतंय ना मी काय म्हणतेय? माझ्या मनात काही नाही गं. पण बायका बोलतात."

मी "बरं" म्हणाले. त्या "बरं"ची चीड मला पुढे दोन वर्षं येत राहिली. फोन ठेवला आणि आमच्या घरच्या देव्हाऱ्यासमोर उभी राहिले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. मी तिला सरळ म्हटलं, "तुला मी चालत नसेन, तर तूही मला चालत नाहीस." त्या दिवसापासून मी दिवा लावला नाही. आरतीला गेले नाही, पुढच्या वर्षीही नाही. लोकांनी निरोप पाठवले, समजूत घातली. एकीने मला सांगितलं की दुःखात माणसाने देवाला अधिक घट्ट धरावं. मी तिला विचारलं, "धरायला हात तर लावू द्याल ना?" त्यानंतर तिचाही फोन आला नाही.

ईराला नोकरी लागली तेव्हा तिने हट्ट धरला की पहिल्या मोठ्या सुट्टीत आपण दोघी फ्रान्सला जायचं. शाळेत ती तिसरी भाषा म्हणून फ्रेंच शिकली होती. इथल्या ऑगस्टमधल्या नॅशनल डेच्या सुट्टीला जोडून आम्ही निघालो. पॅरिस मला फारसं भावलं नाही. मग ती मला दक्षिणेकडच्या एका जुन्या गावात घेऊन गेली. आगगाडीने एका छोट्या स्टेशनावर उतरलो, तिथून बस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं, खाली नदी, आणि वर डोंगराच्या कड्याला चिकटून पिवळसर दगडांचं ते गाव. वेशीचा दरवाजा इतका जुना की कमानीच्या दगडांना गाड्यांच्या चाकांनी खाच पडलेली. आत गाडी जात नाही. गोट्यांनी फरसबंदी केलेल्या अरुंद गल्ल्या, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, आणि सगळ्या गल्ल्या शेवटी वरच्या देवळाकडे जाणाऱ्या. चर्चला मी देऊळच म्हणते. मला दुसरा शब्द तितका जवळचा वाटत नाही.

पायऱ्या खूप होत्या. माझा उजवा गुडघा बोलू लागला. वर पोहोचल्यावर मी दाराबाहेरच्या पायरीवर बसले आणि ईराला म्हटलं, "तू जाऊन ये."

"आई, इतकं चढून आलीस आणि आत येणार नाहीस? आत ब्लॅक मॅडोना आहे, सावळी आई. खूप फेमस आहे लाह." आमच्याकडचं ते "लाह" तिच्या तोंडून फ्रान्समध्येही सुटत नव्हतं.

"असू दे. मला कुठल्याच देवाकडे जायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी तिथेच बसून राहिले. ऊन चांगलंच होतं. खालच्या अंगणात यात्रेसारखी लगबग चालली होती, माणसं फुलांच्या माळा बांधत होती. सण कसला ते मला माहीत नव्हतं, विचारायची इच्छाही नव्हती. उलट मला मनातून बरं वाटत होतं: बघ, तुझ्या दारापर्यंत आले आणि आत आले नाही.

तेवढ्यात बाजूच्या छोट्या दारातून एक म्हातारी बाई बाहेर आली. ऐंशीच्या पुढची असावी. निळा एप्रन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हात थरथरणारे. ती डोळ्यांवर हात धरून अंगणाकडे पाहू लागली. कुणाला तरी शोधत होती, पण खालचं कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मग तिची नजर माझ्यावर आली. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मी मान हलवून कळत नसल्याचं सांगितलं. तिने हात पुढे केला, मला उठवण्यासाठी. त्या थरथरत्या हाताला नाही म्हणणं मला जमलं नाही.

आत पोहोचल्यावर ईरा भेटली आणि मग कुठे बोलणं जुळलं. बाईंचं नाव ओदेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सावळ्या आईचा मोठा सण होता, आणि आदल्या दिवशी तिला नवा झगा घालायची रीत होती. हे काम गावातल्या तीन बायका करायच्या. त्यातली एक वसंतात वारली, दुसरी पडून हॉस्पिटलात होती, आणि ओदेतबाईंच्या हातांना आता बंद बांधता येत नव्हते. कुणाला तरी मदतीला बोलवायचं म्हणून त्या बाहेर आल्या होत्या.

"त्या म्हणतात, तू बांधशील का?" ईराने विचारलं.

मी काही म्हणणार एवढ्यात ओदेतबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. ईरा जरा अडखळली.

"आई, त्या विचारतायत, तुझा नवरा आहे का?"

मला वाटलं, इथेही. सात समुद्र ओलांडून आले तरी हा प्रश्न माझ्या आधी पोहोचलेला. मी पुढे केलेले हात मागे घेतले. अगदी नकळत घेतले; तेवढी सवय दोन वर्षांत अंगात मुरली होती. ताठ मानेने मी ईराला म्हटलं, "सांग त्यांना, वारले. आणि म्हणून चालत नसेल तर मी निघते."

ईराने सांगितलं. ओदेतबाईंच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बों." बरं. आणि पुढे बोलत राहिल्या. ईरा ऐकत होती. तिचे डोळे भरून आले.

"काय म्हणतायत?"

"त्या म्हणतात, मग ठीक आहे. हे काम इथे ज्यांचे नवरे गेले त्याच बायका करतात. पहिल्यापासून. कारण या आईचाही मुलगा गेला, तिला माहीत आहे ते काय असतं. आणि बाकीच्यांना वेळ कुठे असतो, त्यांना घरी जेवायला वाढायचं असतं."

मी त्या बाईंकडे बघत राहिले. त्यांनी किल्ली लावून बाजूच्या खोलीचं दार उघडलंही होतं.

तिथे टेबलावर ती होती. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढीच. लाकडाची, सावळी, अगदी आपल्याकडच्या तेल पिऊन काळ्या झालेल्या देवीसारखी. मांडीवर मूल. एका गालावर उभी चीर, खांद्याला किडीची बारीक भोकं. अंगावर फिकट झालेला जुना झगा. मी मागे सरले. मला आठवलं की मी यांच्या धर्माची नाही, आणि हे बाईंना सांगायला हवं. ईराने सांगितलं.

ओदेतबाई हसल्या. म्हणाल्या, "तीही इथली नाही. पूर्वेकडून कुणीतरी घेऊन आलं होतं असं म्हणतात."

मग मी हात धुतले. जुन्या झग्याच्या मागच्या बंदाला गाठ बसली होती. ती नखाने सोडवायला बराच वेळ गेला. नवा झगा जाड रेशमाचा, जरीने जड. तो नुसता घातला की पोत्यासारखा दिसत होता. ओदेतबाई बंद कुठे बांधायचे ते बोटाने दाखवत होत्या, आणि मी बांधत होते. पण समोरचं कापड फुगत होतं. माझ्या बोटांनी मला न विचारता चुण्या घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, सगळ्या सारख्या, मुठीत धरून, खाली ताणून. कमरपट्टा वरून आवळला. झगा एकदम बसला. ओदेतबाईंनी टाळी वाजवली.

आणि तेव्हा माझा बांध फुटला. मी टेबलाला धरून रडले. हे गेले तेव्हा रडले नव्हते अशी रडले. मनात मी तिच्याशी भांडत होते. मी तुझ्याकडे येणार नव्हते. तुला टाळून मी इतक्या लांब आले. मी बाहेर पायरीवर बसले होते. तुला कशाला मला आत बोलवायचं होतं?  दोन वर्षांनी मी तिच्याशी बोलत होते, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रडता रडता मला हसूही आलं.

निघताना ओदेतबाईंनी मला थांबवलं. कपाटातून एक टोपली काढली. त्यात गेल्या वर्षीचे अक्रोड होते, त्यांच्या स्वतःच्या झाडाचे. माझ्याकडे पिशवी नव्हती. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक हातात धरलं, ते मला पसरायला लावलं, आणि थरथरत्या ओंजळीने अक्रोड त्यात घातले. एकदा, दोनदा, तीनदा. मग ओढणीची दोन्ही टोकं माझ्याच मुठीत दिली. आपण काय केलं हे त्या बाईंना कधीच कळणार नाही. ईरालाही तेव्हा कळलं नाही. ओटी भरून घेऊन मी त्या पायऱ्या उतरले, आणि गुडघा दुखत होता की नाही ते मला खरंच आठवत नाही.

कुणी म्हणेल हा योगायोग. एका म्हातारीला मदत हवी होती, एक रिकामी बाई दारात बसली होती. असेल. मी वाद घालत नाही. मला जे मिळालं ते मी परत करणार नाही, एवढंच.

त्या वर्षी नवरात्रात मी माझ्या घरी देवी बसवली. सुनंदाताईंना आधी फोन करून सांगितलं. परवानगी मागितली नाही. "साडी मी नेसवणार आहे, ओटीही मीच भरणार आहे. तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे," असं म्हटलं.

आठ-दहा जणी आल्या. सुनंदाताई आल्या आणि सोफ्यावर ताठ बसल्या. आणखी एक आली होती, मंजिरी. जेमतेम पस्तिशीची, तिचा नवरा जहाजावर सेकंड इंजिनीअर होता, त्याला जाऊन सहा महिने झाले होते. मी तिला मुद्दाम बोलावलं होतं. ती दारापाशी, चपलांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. मी साडी उलगडली आणि म्हटलं, "मंजिरी, इकडे ये. निऱ्या धर."

ती हलली नाही. "मी? नको हो मावशी."

"मला दोनच हात आहेत. ये."

ती आली. तिच्या हातात मी निऱ्या दिल्या. दोघीजणी उठल्या, घरी पाहुणे येणार आहेत म्हणाल्या आणि प्रसाद न घेता गेल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, पुढच्या वर्षी या म्हटलं आणि परत येऊन पदर लावायला घेतला. आणि मग सोफ्यावरून सुनंदाताईंचा नेहमीचा करडा आवाज आला.

"मंजिरी, अगं निऱ्या जरा डावीकडे घे. पदर तोकडा पडेल नाहीतर."

मंजिरीने निऱ्या डावीकडे घेतल्या.

मी पुन्हा दिवा लावते. राग पूर्ण गेला आहे असं म्हणणार नाही, आणि तो जावा अशी प्रार्थनाही करत नाही. माझा राग तिला चालतो, हे आता मला ठाऊक आहे. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून "बरं" म्हणणं, असं मी समजत होते. त्या डोंगरावर मी मानही खाली घातली नव्हती आणि "बरं"ही म्हटलं नव्हतं. रुसून दारात बसले होते, तरी तिने मला उठवून कामाला लावलं. तिच्या पायांशी मी माझं सगळं ठेवलं आहे: दुःख, हट्ट, हे रिकामे हात. त्यांना काय काम द्यायचं ते तिने ठरवावं. दुसऱ्या कुणी ठरवू नये.