अडतीस तीळ जागच्या जागी

कंपनीत त्याला सगळे छिद्रान्वेषी म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. माणसांच्या तोंडावरची छिद्रं शोधायचाच त्याला पगार मिळत होता. खेळांत, जाहिरातींत किंवा एखाद्या बँकेच्या पडद्यावर गोड हसून स्वागत करणारी जी खोटी माणसं असतात, त्यांची हाडं कोणी दुसरा बसवायचा, केस कोणी तिसरा लावायचा. कातडी ह्याच्याकडे.

त्यासाठी आधी एक खरा माणूस लागतो. त्याला खुर्चीत बसवायचं, चहूबाजूंनी चाळीस कॅमेरे रोखायचे, नाकाची चकाकी मरेल असे फिल्टर दिव्यांपुढे लावायचे आणि सगळे फोटो एकदम काढायचे. मग उरलीसुरली सावली पुसून तो चेहरा संत्र्याच्या सालीसारखा सोलून सपाट पसरायचा. असा पसरलेला चेहरा फार भयंकर दिसतो. मोठमोठ्या रूपवतीही त्यात रोलरखाली आल्यासारख्या दिसतात. त्या सालीवर छिद्रान्वेषी आठवडेच्या आठवडे घालवी. नाकाशेजारची लाली, डोळ्यांखालची निळसर झाक, हनुवटीवरचं एकेक छिद्र. ऑफिसातली तरुण मंडळी एक बटण दाबून गुळगुळीत गाल काढत. तो मान हलवून म्हणे, "ह्या बाईला जन्मात घाम आलेला नाही. प्लॅस्टिकची बादली आहे ही."

ही खोड घरीही सुटत नसे. शेजारचे आजोबा गेले तेव्हा तो बायकोबरोबर भेटायला गेला आणि रडणाऱ्या मुलाच्या नाकाकडे इतका टक लावून बसला की बायकोला कोपराने ढोसावं लागलं. बाहेर आल्यावर म्हणतो कसा, "रडल्यावर नाकपुडीची कड काय सुरेख लाल होते गं!" बायकोने त्याला तिथेच सोडलं आणि ती तरातरा पुढे निघून गेली.

तर एका कंपनीला एक म्हातारी हवी होती. खरी हवी, पण बघवली पाहिजे, अशी त्यांची अट. फोटोसाठी ज्या बायका आल्या त्या सगळ्या तोंडाला गिलावा करून आल्या. छिद्रान्वेष्याच्या कंपनीचा मालक वैतागला. मालक एकतीस वर्षांचा होता आणि वैतागणं हा त्याचा मुख्य व्यवसाय होता. तेव्हा छिद्रान्वेष्याला आपली आत्या आठवली.

आत्याने सरकारी तलावावर चौतीस वर्षं पोहायला शिकवलं होतं. तिची पद्धत सोपी होती. मूल काठावर उभं करायचं आणि मागून ढकलायचं. अशी हजारभर पोरं तिने तरवली. तरला नाही तो एकटा तिचा सख्खा भाचा. तो दोनदा वर आला, भरपूर पाणी प्यायला आणि टॉवेल गुंडाळून घरी निघून गेला. त्यानंतर तो तिच्याकडे मान वर करून फारसा बघतच नसे. त्यामुळे एकाहत्तराव्या वर्षी ती कॅमेऱ्यांसमोर बसली तेव्हा त्याने तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला आणि तो हरखून गेला. चौतीस वर्षांचं ऊन त्या चेहऱ्यावर बसलं होतं. सुरकुत्यांना सुरकुत्या फुटलेल्या, कपाळावर डाग आणि मोजून एकोणचाळीस तीळ.

पहिले फोटो साध्या चेहऱ्याचे झाले. अकरा आठवड्यांनी त्या कंपनीने हसरे आणि रागावलेले फोटोही मागितले. आत्या पुन्हा आली. रागाचा फोटो पहिल्याच फटक्यात मिळाला. ती काही केल्या हसेना, तेव्हा मालक वायरीत पाय अडकून आपटला आणि तेही काम झालं.

आता नव्या साली जुन्या सालीवर तंतोतंत बसवायच्या होत्या. ह्या कामात तीळ खिळ्यांसारखे उपयोगी पडतात. जुन्या फोटोतला तीळ नव्यातल्या तिळावर ठोकायचा, पुढचा पुढच्यावर, की मधली कातडी आपोआप बसते. बाकी सगळे बसले. डाव्या गालाच्या हाडावरचा एक बसेना. तो नव्या फोटोत मोठा दिसत होता.

छिद्रान्वेष्याला वाटलं, हसल्यावर गाल ताणतो, त्याबरोबर तीळही ताणला असेल. रागाच्या फोटोतही तो मोठाच होता. मग त्याने लेन्सला शिव्या घातल्या. नंतर सॉफ्टवेअरला. नाचता येईना अंगण वाकडं, तशातला प्रकार. शेवटी कंटाळून त्याने माऊसने तो तीळ चिमटीत धरल्यासारखा आवळला, काठावरची काळी झाक पुसली आणि जुन्या मापाचा केला. प्रत्येक फोटोत असं करायला दोन दिवस गेले. काम झकास झालं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्याच्या एकदम लक्षात आलं. लेन्स वाकडी असती तर शेजारचा तीळही मोठा दिसला असता. तो कप ठेवून जागेवर गेला आणि मूळ फोटो काढून एकेक तीळ मोजपट्टीने मोजला. अडतीस जागच्या जागी, मापात केसभरही फरक नाही. एकोणचाळिसावा जवळजवळ दीडपट झालेला आणि एका बाजूची कड फुटलेली. त्याला स्वतःची शिसारी आली. दोन दिवस तो आत्याचं दुखणं खोडत बसला होता आणि वर स्वतःच्या सफाईवर खूष होत होता.

"मला आत्ता आत्याकडे जायचंय," तो मालकाला म्हणाला.

"शुक्रवारी फाइल द्यायची आहे. तीळ लहान केलास ना? मग झालं तर."

"कॉम्प्युटरवर केला. आत्याच्या तोंडावर आहे तसाच आहे," असं म्हणून तो निघालासुद्धा.

आत्या ओट्याशी उभी राहून स्टीलचे डबे पुसत होती. त्याने तिला बसवलं, लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं.

"डॉक्टरबिक्टर काही नको," ती म्हणाली. "जन्म उन्हात गेला. तीळ येणार नाहीत तर काय मोती येणार आहेत?"

"आत्या, तो वाढलाय."

"तुझा कॅमेरा बिघडला असेल."

त्याने दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि बटण दाबत राहिला. जुना, नवा, जुना, नवा. सगळा चेहरा स्थिर राही आणि तेवढा एक ठिपका फुगे, आटे, फुगे. आत्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"एकोणचाळीस तीळ आहेत तुझ्या तोंडावर," तो म्हणाला. "बाकीचे अडतीस हललेले नाहीत. कॅमेरा बिघडला असता तर ते हलले नसते का?"

"तू मोजलेस?"

"माझं कामच आहे ते."

तिने पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "इतका वेळ माझ्या तोंडाकडे कोणी बघितलं नव्हतं रे. लग्न केलं असतं तरी नवऱ्याने बघितलं नसतं."

आणि चप्पल शोधायला उठली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. "कधीपासून वाढतोय?" त्यांनी विचारलं. ह्या प्रश्नाला सगळे घरचे लोक 'असेल बाई दोनेक वर्षं' असं काहीतरी उत्तर देतात. छिद्रान्वेष्याने दोन तारखा सांगितल्या, दोन्ही वेळची मापं सांगितली आणि फोटो पुढे केले. बाईंनी चष्मा वर सारून त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"भाचा आहे," आत्याने परस्पर सांगून टाकलं. "तोंडं रंगवतो."

चार दिवसांत तीळ काढला आणि तपासायला गेला. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत छिद्रान्वेष्याने ऑफिसात तीन चेहऱ्यांचे कान उलटे लावले. अहवालात तीळ वाईट जातीचा निघाला, पण मुळं खोल गेली नव्हती आणि सगळा निघाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वर्षभर थांबला असतात तर माझ्याकडे बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. मालकाला कळलं तेव्हा त्याने आधी "देवाची कृपा" म्हटलं आणि मग लगेच विचारलं, "टाक्यांचे फोटो मिळतील का? अस्सल व्रण मिळत नाही कुठे." छिद्रान्वेष्याने त्याला जे उत्तर दिलं ते आत्याच्या तलावावरच्या शिव्यांत शोभलं असतं.

टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तो तिच्याकडे गेला. ती खिडकीत खुर्ची टाकून बसली होती, गालावर पट्टी.

"बस इथे," ती म्हणाली. "आता बाकीचे मोज."

त्याने फोन काढला.

"तो ठेव. डोळ्यांनी मोज. दर महिन्याला येऊन मोजायचे, डॉक्टरीणबाईंना मी सांगून आलेय."

त्याने खुर्ची जवळ ओढली. दोन महिने तो ह्याच चेहऱ्यावर राबला होता, पण हात कधी लावला नव्हता. त्याने बोटाने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. गाल उबदार होता, आणि पडद्यावर दिसला होता त्याहून कितीतरी मऊ. कपाळापासून सुरुवात करून तो मोठ्याने मोजू लागला. सतरापर्यंत आला आणि पुढचं दिसेना. त्याने डोळे मिचकावले तरी दिसेना. हिच्यावर आपण रबर फिरवलं होतं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

"रडतोस काय गाढवा?" आत्या म्हणाली. तिने मान मात्र हलवली नाही, चेहरा तसाच त्याच्या हातात ठेवला. "चुकला ना आकडा? चल, परत एकपासून."