धूर नसलेले निखारे

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे नाही, माझ्या मुलीकडे वळवला. माझ्याबद्दलच्या गोष्टी आता तिला सांगितल्या जाणार आहेत, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पण तेव्हा मला फारसं काही कळत नव्हतं. त्या खोलीतलं माझ्या लक्षात राहिलेलं थोडं आहे, बाकीचं सईने नंतर सांगितलेलं.

"डिलेड न्यूरॉलॉजिकल सिक्वेली," डॉक्टर म्हणाले. ते इजिप्तचे, सावकाश इंग्रजी बोलणारे. "कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेला माणूस बरा होऊन घरी जातो. काही आठवडे नीट असतो. आणि मग आजारी पडतो."

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळणाऱ्या कोळशातून, लाकडातून, गॅसमधून निघणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. त्यातून वाचलेल्या काही जणांच्या मेंदूतले तंतू नंतर, उशिराने बिघडू लागतात. चाल मंदावते, बोट थरथरतं, आठवण जाते. पडद्यावर माझ्या मेंदूत पांढरे ढग दिसत होते म्हणे. मी ते बघितले नाहीत. मी सईला विचारलं, "तुझ्या बाबांना फोन केलास का? बस चुकेल त्यांची."

सई डॉक्टरांकडे बघत राहिली. बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने उलटले होते.

आता सुरुवातीपासून लिहिते. तुमच्यापैकी कुणी या जानेवारीत मुलांना घेऊन बर्फात जाणार असेल, तर त्यांच्यासाठी.

आम्ही कुवेतमधल्या फहाहीलला राहतो. माझे पती अनिल जवळच्या मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत कामाला होते, मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल. सई पुण्यात शिकते, सुट्टीत येते. कुवेतमध्ये इतकी वर्षं काढून आम्ही थंडी म्हणजे स्वेटर घालून समुद्रावर फिरणं एवढीच ओळखत होतो. ओळखीचे सगळे जॉर्जियाला जाऊन आले होते. इथला रहिवासी परवाना असला की तिथला व्हिसा सहज मिळतो आणि विमान थोड्या तासांत पोचतं. अनिल म्हणाले, "कोकणातल्या माणसाने बर्फ पाहिलेला असतो तो बांगड्यांच्या टोपलीत. एकदा बिनमासळीचा बर्फ बघू या."

गावाचं नाव लिहीत नाही. चूक त्या गावाची नव्हती.

ते दिवस चांगले गेले, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. वाईट गोष्टीने आधीचं सगळं काळं होतं असं लोक समजतात. तसं होत नाही. भाड्याचे ते जड बूट घालून अनिल बदकासारखे चालत होते. शिकवणारा तरुण उतारावर ओरडायचा, "पिझ्झा! पिझ्झा!" म्हणजे दोन्ही स्कींची टोकं जुळवून त्रिकोण करा, वेग कमी होतो. अनिल पडल्या पडल्या म्हणाले, "याला आधी जेवायला घाला रे कुणीतरी." सई हसून हसून बर्फात बसली. मी स्की केलं नाही. मी घसरगाडीवरून उतारावर आले, दोनदा, डोळे मिटून. तिसऱ्यांदा उघडे ठेवून. डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या पाळण्यात बसून वर गेलो तेव्हा खाली घरं, धूर, पाइनची झाडं आणि आवाज अजिबात नाही. अनिलनी खिशातून फोन काढून बघितला. मग म्हणाले, "इथे माझा फोन लागत नाही. काय सुख आहे."

कुवेतमध्ये हिवाळा आला की लोक वाळवंटात तंबू ठोकतात. अनिलच्या हाताखालची, बरोबरची माणसं दर वर्षी जायची, आम्हीही जायचो. तिथे मंगल असतं, म्हणजे लोखंडी शेगडी. कोळशावर उकळलेला चहा एकदा प्यायला की गॅसवरचा गोड लागत नाही. तंबूत शेगडी न्यायचा एक नियम सगळ्यांना पाठ असतो: धूर संपू द्या, निखाऱ्यांवर पांढरी राख चढू द्या, मग आत घ्या. अनिल हा नियम नव्या माणसांना शिकवायचे. तंबूत तो चालून जातो, कारण तंबू खालून उघडा असतो, कापडातून वारा फिरतो.

बर्फाच्या गावात आम्ही भाड्याने घेतलेल्या घराला तिहेरी काचांच्या घट्ट खिडक्या होत्या. वाऱ्याची एक रेघसुद्धा आत येत नव्हती.

शेवटच्या दिवशी दुपारी बर्फ पडू लागला आणि पाळणे बंद झाले. हीटर होता पण कोमट. गॅलरीत मांस भाजायला ठेवलेली शेगडी अनिलनी पेटवली, चहा केला. वारा वाढला. कोळसे लाल होते, धूर नव्हता. त्यांनी शेगडी उचलून आत आणली, दाराजवळ फरशीवर ठेवली आणि तिच्यासमोर उशी घेऊन आडवे झाले. सई बूट आणि स्की परत करायला खाली दुकानात गेली. तिथे लांबच लांब रांग होती.

माझं डोकं सकाळपासून जरा धरलं होतं. उंची, ऊन, चकाकी. आता ते ठणकायला लागलं. अनिल म्हणाले, "माझंही दुखतंय गं. हवा पातळ आहे इथली. झोप जरा."

इथे थांबून सांगते. एका खोलीतल्या दोन माणसांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर ते उंचीमुळे आहे असं धरून झोपू नका. दार उघडा. बाहेर या. बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर परत आत जाऊ नका. बारकं बॅटरीवरचं अलार्मचं यंत्र मिळतं, खिशात मावतं. माझ्या बॅगेत आता ते असतं, मी कुठेच जाणार नसले तरी.

मला मळमळलं म्हणून मी न्हाणीघरात गेले आणि तिथेच पडले. न्हाणीघराला हवेची झरोकावजा खिडकी होती. त्या खिडकीमुळे मी वाचले, असं तिथले डॉक्टर म्हणाले. खोलीत झरोका नव्हता. सईने दार उघडलं तेव्हा अनिल उशीवर तसेच होते. गाल गुलाबी होते, असं तिने सांगितलं. थंडीतून खेळून आल्यासारखे.

तिथल्या हॉस्पिटलात मला तोंडावर मास्क लावून शुद्ध प्राणवायू दिला. मी शुद्धीवर आले, मला सांगितलं, मी रडले. हे सगळं मला तेव्हा नीट कळलं होतं. अनिलना आम्ही चिपळूणला नेलं. दहावं, बारावं झालं. मी सगळ्यांशी व्यवस्थित बोलत होते. दीर म्हणाले, "वहिनी फार खंबीर आहे." सईने वर्ष सोडायचं ठरवलं आणि माझ्याबरोबर कुवेतला आली.

मग शाळेत मी पुस्तकं चुकीच्या कपाटात लावू लागले. चालताना पाय फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे. एका संध्याकाळी मी दोन कप चहा केला आणि गॅलरीत कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहिले.

सईने सांगितलं, "आई, बाबा गेले ना."

"कुठे?"

तिने सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकलं. तिथेच खाली बसले, शेजारी दार वाजवू लागले इतका माझा आवाज होता. झोपले. सकाळी उठले आणि विचारलं, "बाबा आंघोळीला गेलेत का?"

शेजारच्या कुलसुम भाभी रत्नागिरीच्या. त्या जेवण घेऊन यायच्या. हे सगळं बघून त्यांनी सईला स्वयंपाकघरात नेऊन म्हटलं, "गो बाय, रोज कशाला मारतेस त्याला? सांग शटडाऊन लागलंय. आमच्यात कोण विचारतंय त्यापुढे?"

रिफायनरीतल्या घरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. प्लांट दुरुस्तीसाठी बंद झाला की माणूस आठवडे घरात दिसत नाही. येतो, झोपतो, जातो. आमच्या लग्नाचे कितीतरी वाढदिवस शटडाऊनने खाल्ले. त्यामुळे सईने जेव्हा "बाबा शटडाऊनवर आहेत" म्हटलं, तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नाही.

पण मी वाट बघू लागले. हा काळ मला तुकड्यांत आठवतो आणि त्यातला प्रत्येक तुकडा भरलेला आहे. जिन्यात किल्ल्या वाजायच्या. खुर्चीवर त्यांचा कामावरचा निळा डांगरी पोशाख दिसायचा, जवळ गेलं की टॉवेल असायचा. मी त्यांच्यासाठी डबा भरायचे. फोन करत नाहीत म्हणून रागवायचे. सईला म्हणायचे, "तुझ्या बापाला काही वाटतं का बघ. बायको आजारी आणि हा माणूस साइटवर." सई म्हणायची, "ही'ज बिझी, आई," आणि आपल्या खोलीत जायची. मेलेल्या माणसाशी मी भांडत होते, आणि ते जिवंत असतानासारखेच उत्तर देत नव्हते.

तेव्हा सईने मला डॉक्टरांकडे नेलं. निदान झालं ते मी वर लिहिलं. तपासणीनंतर तिने शटडाऊनचं सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "खोटं तिचा मेंदू धरून ठेवतोय. त्याला चुकीचा रस्ता पाठ होतोय. खरं सांगा. रोज एकदा, सकाळी. छोटं वाक्य. तेच शब्द. मग तिच्याजवळ बसा."

"किती दिवस?"

"बरेच जण सुधारतात. किती आणि केव्हा, हे मी सांगू शकत नाही."

सई एरवी माझ्याशी निम्मं इंग्रजीतच बोलते. पण ते वाक्य तिने मराठीत तयार केलं: "आई, बाबा आता नाहीत. बर्फाच्या गावात, बंद खोलीत कोळशाच्या वायूने गेले. मी इथे आहे." ती रोज चहा घेऊन यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि हे सांगायची. मी रोज रडायचे. ती माझी पाठ चोळायची.

मला हायपरबॅरिक ऑक्सिजन दिला. म्हणजे नळीसारख्या बंद पेटीत झोपवून वाढवलेल्या दाबाखाली प्राणवायू देतात. या आजारात त्याचा किती उपयोग होतो यावर डॉक्टरांचं एकमत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला बंद जागेची भीती बसली होती. केरळच्या सिस्टर शीजा काचेला नाक लावून बाहेर उभ्या राहायच्या. "अम्मा, मैं इधर ही है. आप सो जाओ, मैं नहीं सोएगा." त्यांचं हिंदी ऐकून मला हसू यायचं आणि तेवढ्यात वेळ जायचा. शिवाय चालण्याचा व्यायाम, बोटांचा व्यायाम, चित्रं ओळखणं. प्रतीक्षागृहात माझ्या शेजारी एक वृद्ध कुवेती बाई बसायच्या, पक्षाघात झालेल्या. आम्ही एकमेकींच्या भाषेत काहीच बोलू शकत नव्हतो. त्या माझ्या हातात खजूर ठेवायच्या.

घरातल्या कुणाला हा वायू बाधला असेल, तर तो बरा होऊन आल्यावरही काही महिने त्याच्याकडे लक्ष ठेवा. चाल, बोलणं, विसरणं. दुःखामुळे असेल असं म्हणून सोडू नका. आमच्याकडे सगळ्यांनी तेच म्हटलं होतं, आणि दुःख होतंच, त्यामुळे पटायचंही. आणि रुग्ण विसरला तर त्याला सोपं खोटं देऊ नका. कुलसुम भाभींनी जे सुचवलं ते मायेने. मीही कदाचित तेच सुचवलं असतं. पण त्या खोट्यात मी एकटी होते, आणि सईही.

उन्हाळा चढला. एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सई चहा घेऊन आली. पलंगाच्या कडेला बसली. तिने श्वास घेतला. तो श्वास मला ओळखीचा वाटला.

"आई, बाबा आता..."

"माहीत आहे गं," मी म्हटलं. "रात्री झोपतानाही माहीत होतं."

ती माझ्याकडे डॉक्टरांसारखी बघू लागली. "कसे गेले?"

"निखाऱ्यांनी. तू बूट परत करायला गेली होतीस. रांग होती. मी न्हाणीघरात होते."

"आर यू शुअर?"

"काल पण माहीत होतं मला. पण तू सांगायला आलीस, म्हणून सांगू दिलं. तुझं मन मोडवेना."

तिने कप फरशीवर ठेवला. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. आधी हळू, मग लहानपणी रडायची तशी, श्वास अडकत. या सगळ्या महिन्यांत मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. रोज सकाळी ती वडील गेल्याचं सांगायची आणि रडायचे मी. तिच्या वाटणीचं तसंच राहिलं होतं.

मी तिचे केस मोकळे केले. बोटं अजून नीट चालत नव्हती, गाठी सुटायला वेळ लागला. ती "बाबा, बाबा" एवढंच म्हणत होती आणि मी "हो गं, हो" म्हणत होते. देवाचे आभार मानायचे तर मी या एका गोष्टीचे मानते, की मला त्या सकाळी आठवत होतं.

कुणालाच कुठे जायचं नव्हतं. तिचं रडून होईपर्यंत मी बसून राहिले.