नवऱ्याचं नाव माहीत नाही

माझी नात नागपूरला मेंदूचं काहीतरी शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनं मला कॉम्प्युटरवर बोलण्याचा नकाशा दाखवला. माणूस बोलतो तेव्हा डोक्यात कुठून कुठे निरोप जातो, त्याचे लाल-निळे रस्ते. इथं शब्द सापडतो, इथून जिभेला हुकूम सुटतो, मधली वाट तुटली की माणसाला कळतं सगळं पण सांगता येत नाही. पोरगी कौतुकानं सांगत होती आणि इकडे माझं डोकं तापत होतं.

"आजी, तू कायले चिडून राहिली?"

"तुमच्या लोकायनं लई उशीर केला," मी म्हटलं.

तिला वाटलं मी गंमत करते. एरवी करतेच, तेव्हा करत नव्हते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वीस वर्षांची, नवी सून आणि मॅट्रिक पास. या शेवटच्या गोष्टीचा माज एवढा की पाणी भरायला जातानाही मी मान अशी ताठ ठेवायची, जणू घागरीखाली सर्टिफिकेट ठेवलंय. सासर पवनीचं, कोष्ट्याचं घर. सासरे आणि माझे यजमान मागावर विणायचे, सासूबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या. घरात शब्द मात्र चालायचा सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे मोठ्या सासऱ्यांचा. माझे सासरे विणण्यात हुशार आणि बोलण्यात कंजूष.

एका सकाळी सासूबाईंच्या उजव्या हातातून कांडी गळून पडली आणि तोंड जरा वाकडं झालं. वैद्य म्हणाला लकवा. मालिश झाली, काढे झाले. पंधरा दिवसांत तोंड सरळ झालं, हातही कामापुरता वळू लागला. बोलणं मात्र परत आलं नाही. आला तो एकच शब्द, मंगळवार. पाणी पाहिजे तरी मंगळवार, अंगणात बकरी शिरली तरी मंगळवार, भातात मीठ कमी पडलं तरी माझ्याकडे रोखून बघत मंगळवार. आळीतल्या बायकांनी लगेच निकाल दिला की वार देवीचा आहे, अंगात येत असणार. दोघी तर ओटी घेऊनही आल्या. सासूबाईंनी ती ओटी ढकलून दिली, तेव्हा देवी कोपली असंही ठरलं.

मी शिकलेली, मी कशाला असलं मानते. मी पाटी आणली. पाटीवर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहिलं, सासूबाईंची हनुवटी धरली आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हटलं, "म्हणा मामीजी, पा, णी." त्यांना कान चांगले होते. आणि वाचता त्यांना लकव्याच्या आधीही येत नव्हतं. मॅट्रिकला गणितात पंचेचाळीस मार्क घेतलेल्या बाईला एवढा हिशेब सुचला नाही. चार दिवस मी त्यांना रोज तासभर असं छळलं. रोज त्या बिचाऱ्या ओठ हलवायच्या, घामाघूम व्हायच्या, आणि बाहेर पडायचा मंगळवार. पाचव्या दिवशी मी हनुवटी धरली तर त्यांनी माझा हात झटकला.

"चाल हट, सटवे," त्या म्हणाल्या. एकदम स्पष्ट, खणखणीत.

तेव्हाच कोणी मला सांगितलं असतं की जन्मभर तोंडात बसलेली शिवी त्या तुटलेल्या वाटेनं येतच नाही, दुसरीकडूनच उसळून येते, तर मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. त्याऐवजी मी काय केलं, तर रडत विहिरीवर गेले आणि पाच बायकांच्या पुढ्यात म्हटलं, "पाणी म्हणता येत नाही, पण मले शिव्या द्यायले बरी जीभ वळते. ढोंग आहे सारं, नाही तं डोकं तरी फिरलं."

विहिरीवरची गोष्ट मोठ्या सासऱ्यांच्या कानावर जायला दुपार लागली नाही. संध्याकाळी त्यांनी ठरवून टाकलं. लकवा बरा झाला, आता हे वेड आहे. घरात लग्नाची पोर आहे, वेडी आई दिसली तर कोण पाहुणा येईल. भंडाऱ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आणायची आणि नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात भरती करायचं. सासूबाई तिथंच बसल्या होत्या. चरखा थांबला, एवढंच. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, ते सुताकडे बघत राहिले. मोठ्या भावापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही.

मला सोबत पाठवलं ते साक्षीला. शिवीचं डॉक्टरला सांगायला.

मी, यजमान आणि सासूबाई सकाळच्या एस.टी.नं भंडाऱ्याला गेलो. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि रस्ताभर पिशवी मांडीवर गच्च धरली होती. पिशवीत दोन लुगडी आणि एक फणी होती, त्यांनीच भरलेली. परत यायचं की नाही याची खात्री नसलेलं माणूस जेवढं भरतं तेवढं. ते बघूनही मी खिडकीबाहेर बघत बसले. त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून राग धरून बसले.

डॉक्टर तरुण होता. समोर कागद, हातात पेन, बाहेर मोठी रांग.

"बाई, तुमचं नाव?"

"मंगळवार."

"गाव?"

"मंगळवार."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

त्या दिवशी खरोखरच मंगळवार होता. डॉक्टरनं इमानदारीनं बरोबरची खूण केली.

"नवऱ्याचं नाव काय?"

सासूबाईंनी पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि ओठ मिटून घेतले. डॉक्टरनं दोनदा विचारलं. मग कागदावर लिहिलं आणि यजमानांना वाचून दाखवलं, "नवऱ्याचं नाव माहीत नाही."

माझी ट्यूब तिथे पेटली. उशिरा, पण पेटली. महिनाभर प्रत्येक प्रश्नाला मंगळवार म्हणणारी बाई या एकाच प्रश्नाला गप्प राहिली होती. म्हणजे प्रश्न कळला होता. सगळेच कळत होते. आणि या शहाण्यानं तिची मर्यादा वेडाच्या खात्यात लिहून टाकली. त्याच्या घरी आई-आजी होत्या की हा थेट कॉलेजातच जन्मला, कोण जाणे.

"साहेब, ते खोडा," मी म्हटलं.

"काय?"

"त्यायले माहीत आहे. त्या नाव घेत नाहीत."

"दवाखान्यात कसली लाज? तुम्ही सांगा बरं तुमच्या नवऱ्याचं नाव."

यजमान शेजारीच उभे. मी मॅट्रिक पास, सुधारलेली, आणि माझीही जीभ टाळूला चिकटली.

"मंग लिवा," मी म्हटलं. "मलेही माहीत नाही. आमा दोघींची एकच चिठ्ठी द्या नागपूरची."

"चूप बस ना वो," यजमान पुटपुटले.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "मग तुमच्यात हे विचारायचं कसं?"

"असं टेबलाच्या पलीकडून नाही इचारत. दारात अडवा लागते."

मी सासूबाईंना उठवून दारापर्यंत नेलं आणि दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी राहिले. बाहेरची रांग बघायला लागली. सासूबाईंचा उखाणा एकच होता, तीस वर्षं लग्नाकार्यात तोच घ्यायच्या, आणि मी माहेरी जाऊन त्याची नक्कल करायचे.

"नाव घ्या मामीजी, तवाच सोडतो. मागावरती साडी..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग, विचार न करता, एका दमात आलं, "मागावरती साडी, साडीले लाल काठ," पुढे सासऱ्यांचं नाव, अगदी रावांसकट, आणि "सोडा आता वाट."

म्हणून झालं आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग त्या घाईनं अजून काही सांगायला गेल्या, डोळे भरून आले, आणि बाहेर पडला मंगळवार.

डॉक्टरनं त्या कागदाच्या मागे डोक्याचं चित्र काढलं, काजूसारखं. डावीकडे फुली मारली. इथली नस बंद पडली, शब्द जुळवायची जागा इथं. पाठ झालेलं गाणं, गिनती, शिवी हे अख्खंच्या अख्खं दुसऱ्या बाजूनं निघतं. सगळे रस्ते अजून आम्हालाही ठाऊक नाहीत. बाई वेडी नाही, चिठ्ठी देणार नाही. सांगितलं चांगलं, पण कोणाला? माझ्या यजमानांना. डोकं जिचं, ती हातभर अंतरावर उभी. मी कागद ओढून घेतला आणि सासूबाईंपुढे धरला. त्यांनी फुलीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या कपाळाच्या डाव्या बाजूला ठेवलं आणि मान हलवली. चुकलो म्हणून मात्र तो म्हणाला नाही. मीही कुठे म्हणाले होते.

घरी पोचलो तर मोठे सासरे ओसरीवरच.

"चिठ्ठी आणली?"

यजमान चाचरत म्हणाले, "डॉक्टर म्हणते का वेड नाही..."

"डॉक्टरचं काय जाते. दुसरा पाहू."

"इहिरीवर मी बोललो ते खोटं होतं," मी म्हटलं. "त्यायले सारं समजते."

"सुनेनं मधात बोलू नये."

सासूबाई पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या, आत यावं की नाही ते न कळून. माझे सासरे मागावर. हात चालू, मान खाली. डोक्यातला एकही रस्ता न तुटलेला माणूस.

"मामाजी," मी म्हटलं, "लकवा तुमाले तं नाही ना झाला?"

यजमानांनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांचा मागावरचा धोटा थांबला.

"ते कुठीच जाणार नाही, दादा," सासरे म्हणाले, आणि धोटा पुन्हा फेकला.

मोठे सासरे उठून गेले. विषय परत कधी निघाला नाही. सासूबाई पुढे नऊ वर्षं त्याच घरात राहिल्या. नणंदेचं लग्नही झालं, पाहुण्यांनी काही विचारलं नाही. आळीत सगळ्या म्हणाल्या, पहा, नवऱ्याचा किती जीव. मला ते कौतुक आजही ऐकवत नाही. सासूबाईंना 'पाणी' म्हणायला रोज घाम फुटायचा आणि तरी त्या रोज प्रयत्न करायच्या. सासऱ्यांना एकच वाक्य बोलायचं होतं, ते तोंडात तयार होतं, आणि ते बोलण्याआधी त्यांनी बायकोला पिशवी भरू दिली.