फिनेलबाईंची डबी

माझ्या नणंदेच्या नाकावर कधी माशी बसली नाही. बसलीच असती तर आधी तिला पाय धुऊन यायला लावलं असतं.

नणंदबाई म्हणजे नवजात बाळांच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. समोर सगळे अदबीने वागत, पाठ वळली की 'फिनेलबाई' म्हणत. आमच्याकडे आल्या की खुर्ची पुसून बसायच्या आणि हात धुवायच्या आधी साबण धुऊन घ्यायच्या. मी एकदा विचारलं, "ताई, पाणी कशाने धुऊन देऊ?" त्यानंतर महिनाभर त्या फिरकल्या नाहीत. चांगला गेला तो महिना.

वॉर्डात त्यांचं राज्य होतं. दाराशी स्टुलावर स्टीलचं घमेलं, त्यात जंतुनाशकाचं गुलाबी पाणी. आत जाणारा मोठा डॉक्टर असो की झाडूवाली, त्यात दोन्ही हात बुडवायचे आणि पुढे व्हायचं. पाणी कमी झालं की वरून भर घालायची. घमेलं रिकामं कशाला करायचं, औषधच तर आहे! शेजारी नळ होता, बेसिन होतं, पण ते वापरायला बंदी. शिंतोडे उडतात, डाग पडतात. तपासणीला येणाऱ्या साहेबांना ते चकचकीत बेसिन दाखवून ताईंनी स्वच्छतेची ढाल पटकावली होती. थोडक्यात काय, हात धुवायची जागा स्वच्छ राहावी म्हणून तिथे कोणी हात धुवायचे नाहीत.

माझी लेक वेळेच्या बरीच आधी बाळंत झाली ती याच वॉर्डाच्या भरवशावर. मुलगी झाली, दोन तळहातांत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली. लेकीला तिला एकदा छातीशी धरायचं होतं. आत्याबाई पेटीसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"अंगावर जंतू असतात तुझ्या. लांब हो."

"आत्या, मी आई आहे तिची."

"आई झालीस म्हणून जंतू काय गावाला गेले?"

ताईंच्या तोंडाला कोण लागणार? लेक काचेबाहेर बसून रडायची. तिचं दूधही ताईंना संशयास्पद वाटायचं, म्हणून बाळाच्या नळीतून डब्याच्या पावडरीचं दूध जायचं. मी आतल्या आत चरफडायचे. पण नात त्यांच्या हातात होती, आणि अडला हरी म्हणतात तसं झालं होतं.

मग वॉर्डात बाळं तापायला लागली. आज एक, उद्या दुसरं. पोट फुगायचं, दूध पचेना, श्वास चुकायचा. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हा जंतू माणसाच्या आतड्यात राहतो. कोणाकोणाच्या पोटात तो गुपचूप नांदतो. या बाळांच्या रक्तात गेला तर जीव घेतो. तो वॉर्डात कुठून येतोय ते शोधायचंय. पाणी, भांडी, नळ्या, सगळं तपासणार आहे. पण सुरुवात आपल्यापासून. प्रत्येकाने उद्या शौचाचा नमुना द्यायचा."

एकच गदारोळ झाला. मोठ्या डॉक्टरांनी आपला नमुना शिपायाच्या हाती पाठवला, वर पांढरा रुमाल घालून, नजराणा पाठवावा तसा. बाकीच्यांनीही कुरकुरत दिला. ताई मात्र लालबुंद झाल्या. "माझी परीक्षा? माझी?" असं दिवसभर चाललं होतं. पण दुसऱ्या दिवशी नाव लिहिलेली डबी त्यांनीही मुकाट्याने दिली. मला नवल वाटलं होतं.

निकाल आला. डबीत जंतू होता, आणि तो फक्त ताईंच्या डबीत!

वॉर्डातल्या लोकांना काय आनंद झाला म्हणून सांगू. ज्यांच्या नखांवरून ताईंनी वर्षानुवर्षं फटकारलं होतं ते सगळे तोंडात बोट घालून हळहळ दाखवत होते. मोठे डॉक्टर म्हणजे उंटावरचे शहाणे. त्यांनी जाहीर केलं, "मूळ सापडलं. आता पुढची तपासणी कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "घाई नको, जंतू तोच आहे का ते नीट बघू द्या." ऐकतो कोण? ताईंना सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि शोध गुंडाळला.

ताई थेट आमच्याकडे आल्या. खुर्ची न पुसता बसल्या. त्यांना बघून आमचे हे पांढरेफटक पडले आणि स्वयंपाकघरात येऊन उगाच भांडी लावायला लागले. लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी वाटीसुद्धा जागेवर ठेवली नव्हती.

"काय केलंत?" मी विचारलं.

"ती डबी..."

"कुठली डबी?"

"ताईची. म्हणजे नाव तिचं होतं. आतलं माझं होतं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ती म्हणाली, तुझं पोट लहानपणापासून चांगलं आहे," हे खाली मान घालून म्हणाले. "मी नाही कसं म्हणणार?"

ताईंनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तर हा माणूस खिडकी बदलून घेईल. मला हसू फुटलं, खरंच फुटलं. पण ते लगेच विरलं. जंतू ह्यांच्या पोटातला, हे कधी वॉर्डात पाऊलसुद्धा टाकत नाहीत, म्हणजे वॉर्डातलं मूळ अजून तिथेच होतं. आणि माझी नात तिथे होती.

मी बाहेर जाऊन ताईंपुढे उभी राहिले. "का केलंत हे?"

त्या म्हणाल्या, "माझ्यात निघालं असतं तर?"

"म्हणून भावाचं दिलंत?"

"आता सांगितलं तर नोकरी जाईल. लोक थुंकतील माझ्यावर. दोन-चार दिवसांत सगळं शांत होईल गं."

"आणि तोवर आत काय होईल?"

त्यांनी मान फिरवली. रात्रभर मी आणि हे डोळे उघडे ठेवून पडलो. उजाडल्यावर डॉक्टरीणबाईंना सांगायला जायचं म्हणून मी चपला घालत होते तेवढ्यात लेकीचा फोन आला. बाळ दूध घेत नव्हतं, पोट ताठ झालं होतं. मी फोन ताईंच्या कानाला लावला. तिकडून लेक नुसती "आत्या, ये ना," एवढंच म्हणत होती.

ताई उठल्या. "तू नको सांगूस," त्या मला म्हणाल्या. "मी सांगते."

आणि वॉर्डात जाऊन सांगितलं, सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शोध पुन्हा सुरू केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मूळ दाराशीच होतं. वर्षानुवर्षं वरून भर घातलेल्या त्या गुलाबी पाण्यात जंतू सुखाने वाढत होता. औषध पातळ, राहणारे दांडगे. प्रत्येकजण त्यात हात बुडवून तो श्रद्धेने एकेका पेटीपर्यंत पोचवत होता. घमेलं गेलं, बेसिन उघडलं. ताईंचा खरा नमुनाही तपासला. त्यात तोच जंतू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असतो कोणाकोणात. यात लाज कसली? पोटातला तो पोटात राहावा, एवढंच तर आपल्याला बघायचं असतं."

नातीला योग्य औषध मिळालं. ती जरा सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनीच तिला लेकीच्या उघड्या छातीवर ठेवलं. आईच्या अंगावरचे जंतू आणि आईचं दूध हाच तिचा पहारा, असं म्हणाल्या. लेक पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. मीही रडले, आणि त्याची मला मुळीच लाज नाही.

नातीला घरी न्यायच्या दिवशी ताई आपलं कपाट रिकामं करत होत्या. नोकरी गेलीच होती. तेवढ्यात शेजारच्या पेटीतल्या मुलाचे वडील आले. रंगारी माणूस, नखांत पांढरा रंग. ताई आमच्याकडे गप्प बसून होत्या त्याच दिवशी या रंगाऱ्यांचा मुलगा तापला होता. तो वाचला नाही. ते त्याची टोपी न्यायला आले होते.

त्यांनी ताईंना हात जोडले. "सिस्टर, तुम्ही फार केलंत. एवढी स्वच्छता कुठे बघितली नाही."

मी ताईंचा हात दाबला. आता नका बोलू, असंच मला म्हणायचं होतं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. डबी, भाऊ, गप्प बसणं, घमेलं, काही वगळलं नाही.

त्या वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही आदल्या दिवशी बोलला असता तर?"



त्यांनी टोपी खिशात घातली. लेकीच्या छातीशी असलेल्या आमच्या बाळाकडे जरा वेळ बघितलं आणि लेकीला म्हणाले, "बाई, हिला घेऊन लवकर घरी जा."