गोगलगाईसाठी मतदान

कुठे कुजकट वास आला की लोक नाक दाबतात, मी आधी नीट हुंगते. ही सवय मला तारनाक्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या एका आजारी गोगलगाईने लावली. आईने माशांच्या बुरशीवरचं औषध टाकीत ओतलं. मासे टुणटुणीत झाले आणि गोगलगाय शंखाचं दार लावून बसली. औषधातलं तांबं गोगलगाईला विष, आणि बाटलीवर त्याबद्दल चकार शब्द नाही! ती माशांच्या टाकीत राहते म्हणून काय तिचा जीव जीव नाही? मी तिला श्रीखंडाच्या काचेच्या भांड्यात स्वच्छ पाण्यात हलवलं, रोज पाणी बदललं, काकडीची चकती पुढे ठेवली. चार दिवस काही हालचाल नाही. मलकपेठचा मासे विकणारा फोनवर म्हणाला, “सूंघ के देखो अम्मा. बास आई तो गई, नहीं तो है.” आईने हुंगलं. “गेली गं. टाक कुंडीत.” “एकटीच्या सांगण्यावरून दफन होणार नाही,” मी ठणकावलं, “मतदान घ्या!” बाबांनी भांडं नाकाशी धरलं. “मला तर काहीच वास येत नाही.” “कसा येईल?” आई उसळली. “सर्दीने नाक बंद आहे तुमचं! सकाळी दूध करपलं, तेही कळलं नाही!” “मत ते मत,” मी म्हणाले, “आणि मलाही येत नाही. दोन विरुद्ध एक.” दुसऱ्या दिवशी दुपारी दार किलकिलं झालं, दोन मिशा बाहेर आल्या. वास काकडीचा होता. पाणी बदलणाऱ्या मला चकती बदलायचं सुचलंच नव्हतं. पण मत देताना मला हे कुठे ठाऊक होतं? वास मलाही सणसणीत आला होता. हल्ली सभांमधून बोगस मतदानाविरुद्ध मी घसा फोडून बोलते, पण ते एक मत मागे घ्यायला अजून तयार नाही.