शॉर्टली म्हणजे कधी

"फिनाइल नाख," साहेब शिपायाला म्हणाला. मी दारातच उभी होते. माझे हातही वाळले नव्हते.

शिपायाने बाटली उलटी केली. मी पाय ठेवला होता तिथे, मी धरलेल्या कडीवर, नळावर. सगळं खातं बघत होतं. ऑफिसचा संडास मी वापरला, एवढाच गुन्हा. कळ आली, राहवलं नाही.

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाला, "तमारुं बने छे, बेन. शॉर्टली."

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या या मिलमध्ये मी साड्यांच्या घड्या घालते. साहेब ज्याला 'बने छे' म्हणतो, त्या बायकांच्या संडासाच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. दार नाही, नळ नाही, आत रंगाचे रिकामे ड्रम. आमची सोय ताग्यांच्या ढिगामागे. डाग पडलेली साडी दोघींनी ताणून धरायची, तिसरीने बसायचं. म्हणून घरून निघताना कोणी पाणी पीत नाही. लघवीला आग होते. डॉक्टरीण म्हणते, भरपूर पाणी पीत जा. पिऊन जायचं कुठे, ते सांगत नाही.

संध्याकाळी मुलीला विचारलं. ती इंग्रजी शाळेत आहे.

"शॉर्टली म्हंजे काय शे?"

"थोडाच येळमा, माय."

"थोडा येळ म्हंजे कितला?"

"बोलनार कोन शे, त्यावर शे."

साहेबाचं पार्सल शॉर्टली निघणार म्हणतात, ते चहा संपायच्या आत निघतं. आमचं दारही शॉर्टलीच लागणार होतं. असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ही पोर अंगावर पीत होती. आज ती मला त्या शब्दाचा अर्थ सांगते आहे, आणि दार अजून लागतंच आहे.

सकाळी तांब्याभर पाणी प्यायले. सोबत कामाला येणाऱ्या शेजारणींनाही पाजलं. मिलमध्ये गेल्या गेल्या ती डागाची साडी उचलली आणि साहेबाच्या टेबलावर टाकली.

"आ शुं छे?"

"आमचा आडोसा. आता आम्ही धरणार नाही."

"बेन, कह्युं ने, शॉर्टली..."

त्याचं पुरं व्हायच्या आत मी ऑफिसच्या संडासात शिरले. आतून कडी लावली. बाहेर आले तेव्हा बाकीच्या ओळीत उभ्या होत्या.

आमच्या संडासाला दार अजून लागलेलं नाही. शिपाई रोज फिनाइल ओततो. ओतू दे. आम्ही सगळ्या पाणी पिऊन येतो. कामावरून काढायचं तर काढा. त्या ढिगामागे मी पुन्हा बसणार नाही.